शैमाचे रक्तदाते

माले, मालदीव, १४ ऑगस्ट १९९५

उमर बेबे,

सलाम. तुझी चिठ्ठी हसन नाखव्यानं हातात दिली. मी ती दोन्ही बाजूंनी वाचली. मागं तरी काही लिहिलं असेल असं वाटलं होतं. चार ओळींत तू वाऱ्याचं लिहिलंस, इंजिनाचं लिहिलंस, सकीनावहिनीच्या दाढेचं लिहिलंस, आणि अगदी शेवटी जाता जाता: 'शैमा जरा फिकट दिसते, पोट फुगलंय, जंत असतील.'

बेबे, तुझ्या लेकीला जंत नसतील. फयाज एक वर्षाचा होत आला होता तेव्हा असाच होता. ओठ पांढरे, डोळ्यांच्या कडा पिवळट, डाव्या कुशीत हाताला लागेल असं टणक काहीतरी. दूध प्यायला घेतलं की धाप लागायची. त्याचा बाप तेव्हा म्हणाला होता, दात येत असतील.

आणि तुझा पहिला मुलगाही असाच गेला. तापानं गेला असं आपण सगळ्यांनी मानलं. ताप कशामुळे आला ते कोणी विचारलं नाही.

तिला घेऊन ये. इथे थॅलेसेमियाचं केंद्र आहे, बोटातून रक्त काढतात आणि सांगतात. माझ्याकडे एकच खोली आहे, पण चहाच्या दुकानासाठी तळण ज्यावर करते ती चूल बाहेर आहे, तेव्हा जमिनीवर जागा होते. फयाज म्हणतो, मामीनं येताना वाळवलेला मासा आणावा, मालेतला चामड्यासारखा लागतो.

तुझी धाकटी बहीण, तुझी कोक्को,
रुगिय्या

कंदूमूलू, २ सप्टेंबर १९९५

कोक्को,

सलाम. तुझं पत्र मी धक्क्यावरच वाचलं आणि ती चूक केली. आमचे खलाशी कान टवकारून उभेच होते. झाहिद म्हणाला, 'तांडेल, बहिणीनं बोलावलंय, आता तुम्ही मालेकर होणार. तिथे म्हणे माणसं एकावर एक रचून झोपतात, धोणीतल्या कुपा माशांसारखी.' सगळे हसले. मीही हसलो.

आत्ता कुपा मासा भरभरून लागतोय. तांडेलच निघून गेला तर धोणी कोण काढणार? आणि तू लिहितेस ते एकदा येऊन दाखवून संपणारं नाही, हे मला कळतं. फयाजला घेऊन तू दाखवायला म्हणून गेली होतीस. आज तेरा वर्षं झाली, तू परत आली नाहीस.

शैमाची काळजी करू नकोस. इथल्या दवाखान्यातल्या माणसानं तिला लोहाचं औषध दिलंय, काळं, बाटलीतलं. म्हणाला, रक्त कमी आहे, लोहानं भरून येईल. वरून सकीना तिला भातात रिहाकुरु कालवून देते. कुप्याचं पाणी दिवसभर आटवून केलेल्या त्या काळ्या रसाइतकी ताकद कशात आहे? आपण त्यावरच वाढलो. गावच्या फंडितावाल्या मांत्रिकानंही मंतरलेलं पाणी दिलंय. म्हणजे तिन्ही बाजूंनी बंदोबस्त आहे.

फयाजला वाळवलेला मासा पाठवतोय. हसनच्या हाती आहे, तेव्हा अर्धाच पोचेल.

उमर मानिक

माले, १८ सप्टेंबर १९९५

उमर बेबे,

आधी ती लोहाची बाटली फेकून दे. बाकीचं पत्र नंतर वाच.

फेकलीस? आता ऐक.

मागे एकदा फयाजच्या वेळी रक्ताची पिशवी तशीच टांगून ठेवली होती. बराच वेळ हलवली नाही तर त्यातलं सगळं आपोआप वेगळं होतं. वर पिवळसर पाणी तरंगतं, शुद्ध खोबरेल तेलासारखं. त्याच्याखाली पांढुरक्या सायीची पातळ रेघ असते. त्यात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात, आणि कापलं तर रक्त थांबवणारे बारीक कणही. आणि सगळ्यात खाली दाट लाल थर. तोच श्वासातली हवा अंगभर पोचवतो. आपल्या मुलांचा दोष त्या लाल थरातच आहे. तुझ्या-माझ्या लाल पेशी चारेक महिने टिकतात. यांच्या घडतानाच कच्च्या घडतात आणि लगेच फुटतात. कच्च्या लाकडाची धोणी कितीही वेळा पाण्यात ढकल, ती बुडणारच. आणि हा दोष आईबाप दोघांच्याही रक्तात अर्धा-अर्धा लपलेला असेल तरच मुलात असा उतरतो.

आणि हेच लक्षात ठेव: शैमाच्या अंगात लोह कमी नाही. पेशी फुटल्या की त्यांतलं लोह अंगातच राहतं. लोह कमी पडलेलं मूल आणि हे मूल, दोन्ही दिसायला फिकटच दिसतात, म्हणून दवाखान्यातला माणूस फसला. त्याला बोलू नकोस. पण बाटली पुन्हा घेऊ नकोस.

उपाय एकच. दुसऱ्याचं चांगलं रक्त, दर महिन्याला. ते सरकारी नळासारखं येत नाही. ज्यानं त्यानं आपले रक्तदाते शोधायचे. फयाजचे आहेत: पोलिसातला अनीस, मासळी बाजारात कुपा कापणारा इल्यास, आणि एक मास्तर. अनीसला सुईची भीती वाटते, पिशवी भरेपर्यंत कुराणातलं जे आठवेल ते मोठ्यानं म्हणतो. नर्स म्हणते, 'अरे, सुंता नाही करत आहे मी.'

फयाजच्या पोटावर सुई लावून एक छोटा पंप झोपताना बांधावा लागतो. साठलेलं लोह तो बाहेर काढतो. फयाज त्याला 'माझी बायको' म्हणतो. सोडत नाही, म्हणतो, आणि बोलतही नाही.

हसनच्या धोणीत जागा मिळेल. ये.

रुगिय्या

कंदूमूलू, २५ ऑक्टोबर १९९५

कोक्को,

बाटली फेकली. सकीना रडली. तिनं ती रोज मोजून दिली होती बिचारीनं.

शैमा आता बसत नाही. बसवलं तर कलंडते. कपाळ पुढे आल्यासारखं दिसतं. बायका येऊन बघतात आणि सकीनाला सांगतात, 'गोड आहे हं,' आणि घरी जाऊन स्वतःच्या पोरांना मंतरलेला दोरा बांधतात.

मुखियाकडे गेलो होतो. तुझं पत्र वाचून दाखवलं. नवरा-बायको दोघांच्याही रक्तात हे अर्धं-अर्धं लपलेलं असेल तरच मूल असं निघतं, हे तू दुसऱ्या पानावर लिहिलं होतंस, तेही वाचलं. तो म्हणाला, 'मग एवढं डोकं कशाला लावतोस? सकीनाला तलाक दे, तू दुसरी कर, ती दुसरा करेल, दोघांनाही धडधाकट पोरं होतील. तुझ्या बहिणीनं तीन केले, तुला एक सोडता येत नाही?' तो थट्टेनं म्हणाला नाही. आपल्याकडे लोक घोंगडी बदलतात तसे नवरे-बायका बदलतात, तेव्हा त्याचंही काय चुकलं?

फयाजच्या बापानं हेच केलं ना? मग मला त्याचं सांग.

आणि एक विचारतो, सरळ उत्तर दे. मी धोणीतला वाटा सोडून, पोरीला घेऊन, तुझ्या त्या खोलीत येतो. जन्मभर येतो. पण हे रक्त, हा पंप, हे सगळं करून मूल जगतं का? फयाज धड आहे ना? मला तेवढंच कळू दे. तो ठणठणीत आहे असं तुझ्या हातानं लिहून आलं की पुढच्या धोणीनं आम्ही निघालो.

उमर

माले, २१ नोव्हेंबर १९९५

उमर बेबे,

फयाज बरा आहे. त्याची सायकल दाराशी आहे.

त्याच्या बापाचं विचारलंस. त्यानं दुसरं लग्न केलं, मुलं झाली, निरोगी आहेत. रस्त्यात भेटलं की फयाजला पेप्सी पाजतो. मुखियाचं गणित बरोबरच आहे. फक्त जे मूल आधीच जन्मलंय त्याचं काय करायचं, ते त्या गणितात नाही.

तू विचारलंस म्हणून लिहिते. हो, मूल जगतं. शैमा जगेल. पुढच्या धोणीनं ये, थांबू नकोस.

फयाजचा सलाम.

रुगिय्या

कंदूमूलू, २० डिसेंबर १९९५

रुगिय्या,

आम्ही सामान बांधलं होतं. चटया गुंडाळल्या, कोंबड्या वाटून टाकल्या. धोणीतला माझा वाटा झाहिदनं घ्यायचा ठरला होता.

मग मालेहून इंजिनाचा मिस्त्री आला. हात धुता धुता मला म्हणाला, 'तुमच्या भाच्याचं फार वाईट झालं. शाळेतली सगळी पोरं जनाज्याला आली होती.' मी त्याला म्हटलं, तू दुसऱ्या कोणाचं ऐकलं असशील. तो म्हणाला, 'रुगिय्या तळणवालीचा फयाज. नोव्हेंबरच्या सुरुवातीला.'

तू नोव्हेंबरच्या एकवीस तारखेला मला पत्र लिहिलंस. त्यात त्याचा सलाम होता.

मी मामा आहे त्याचा. आपले आईबाप नाहीत, मीच आहे. मला नमाज पढता आली असती. इथे मशिदीत सगळं गाव उभं राहिलं असतं त्याच्यासाठी. तू मला तेवढंही दिलं नाहीस. तेव्हा मी काय करत होतो माहीत आहे? धोणीवर बसून खलाश्यांना त्याचा तो बायकोचा विनोद सांगत होतो, आणि सगळे हसत होते.

हसनलाही तू गप्प बसवलंस. त्याला मी धक्क्यावर धरलं तर म्हणाला, 'तिनं माझे पाय धरले.'

मला आता एवढंच दिसतं की तुझ्या मुलानं लोकांचं रक्त घेतलं आणि त्यातच तो मेला. माझी मुलगी इथेच राहील. जायचीच असेल तर आईच्या मांडीवर जाईल.

उमर मानिक

माले, २ जानेवारी १९९६

उमर बेबे,

तुझं पत्र आल्यावर मी ते घेऊन त्याच्या कबरीकडे गेले आणि तशीच परत आले.

हो, खोटं लिहिलं. 'फयाज धड आहे ना, तेवढंच कळू दे,' असं तुझं पत्र आलं तेव्हा त्याला पुरून आठवडाही झाला नव्हता. खरं लिहिलं असतं तर तू काय केलं असतंस? तेच, जे तू आता लिहिलंयस. मी एक मूल गमावलं होतं आणि तुझं पत्र हातात घेऊन दुसरं जाताना बघत होते. जनाज्याची नमाज मी तुझ्याकडून हिरावली, हे खरं आहे. त्याबद्दल तुला जे म्हणायचं ते म्हण, जन्मभर म्हण. पण इथे येऊन म्हण.

आता खरं सगळं लिहिते. त्याला रक्तानं मारलं नाही. त्याला जे काही आयुष्य मिळालं ते रक्तानंच मिळालं. पण प्रत्येक पिशवीबरोबर थोडं लोह अंगात येतं, आणि ते बाहेर जायला अंगाला वाटच नाही. ते यकृतात बसतं, मग हृदयात. पंप आणि त्याचं औषध मालेत आलं तोवर तो नऊ वर्षांचा झाला होता. तोवरचं सगळं लोह आत बसलेलं. पाय सुजायला लागले, दोन पायऱ्या चढला की थांबायचा. शेवटी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हृदय थकलंय. शेवटच्या दिवशी त्यानं मला विचारलं, 'मामा येणार आहेत ना? मग त्यांना माझी जागा दे, मला तसाही एक कोपरा पुरतो.'

शैमासाठी पंप पहिल्यापासून आहे. जे फयाजला उशिरा मिळालं, ते तिला वेळेवर मिळेल. मी तुला ठणठणीत म्हातारपणाचं वचन देत नाही. आता कसलंच देत नाही.

अनीस, इल्यास आणि मास्तर, तिघांनाही मी सांगितलंय की दुसऱ्या कोणाला शब्द देऊ नका, माझी भाची येतेय. अनीस तर रडला आणि म्हणाला, मग मी पुन्हा पाठ करायला लागतो.

रुगिय्या

कंदूमूलू, १७ जानेवारी १९९६

रुगिय्या,

हे पत्र सकीनाच्या हाती आहे. सकीना तुझ्या दारात असेल आणि शैमा तिच्या खांद्यावर.

काल पोरगी पांढरीफटक पडली. दूध तोंडात होतं, गिळायला दम नव्हता. मग मी हसनच्या धोणीला हात केला.

मी नंतर येईन. मी तुला माफ केलेलं नाही. तिला वाचव.

उमर

माले, १० फेब्रुवारी १९९६

उमर बेबे,

शैमा जिवंत आहे. हे आधी लिहिते, म्हणजे तू खाली डोळे पळवणार नाहीस. यावेळी खरं आहे. सकीनानं खाली अंगठा उठवलाय, मला माहीत होतं तुला पुरावा लागेल.

पोचल्या त्याच दिवशी केंद्रात नेलं. डॉक्टरांनी तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढली आणि लगेच खाट मागवली. मी तोवर अनीसला निरोप धाडला होता. तो गणवेशातच धावत आला, बाही वर करून. आणि मग कळलं की शैमाचा गट ओ आहे. अनीस बी, इल्यास बी, मास्तरही बी. फयाज बी होता ना. मी एवढे दिवस ज्यांना शपथा घालून राखून ठेवलं, त्यांच्यातल्या एकाचाही थेंब तिला चालत नव्हता. अनीस बाही खाली करेना. 'पुन्हा बघा,' म्हणत राहिला.

त्यात रमजान. दिवसा उपाशी माणसाचं रक्त कोण घेणार? इफ्तारनंतर मी मशिदीच्या दारात उभी राहिले. येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होते, 'भाऊ, तुमचा गट ओ आहे का?' कोणी म्हणे माहीत नाही, कोणी म्हणे बायकोला विचारतो. शेवटी एक बांगलादेशी गवंडी थांबला. माझं अर्धंच बोलणं त्याला कळलं असेल. माझ्याबरोबर आला, रक्त दिलं, खजूर खाल्ला आणि नाव न सांगता गेला.

पिशवी अगदी थेंबथेंब सोडली, हृदय दमू नये म्हणून. ओठांना रंग आला तेव्हा सकीना म्हणाली, 'ही कोणाची मुलगी आहे?' तिनं शैमाला गुलाबी कधी पाहिलंच नव्हतं. आता पोरगी बसते. माझ्या नाकातली चमकी ओढते.

पण महिन्याभरात पुन्हा लागेल, आणि मी त्या गवंड्याला शोधतेय, तो सापडत नाही. आपलं गाव मोठं आहे. ओ गटाचे तीन पुरुष मिळाले तरी आळीपाळीनं भागेल. ईद झाली की ये, आणि एकटा येऊ नकोस.

रुगिय्या

कंदूमूलू, १६ एप्रिल १९९६

कोक्को,

सलाम. मार्चमध्ये आम्ही मालेला आलो तेव्हा तू वॉर्डात शैमापाशी होतीस, म्हणून केंद्रात काय झालं ते तुला नीट माहीत नाही. निघताना सांगायचं होतं, पण सकीना आणि तू धक्क्यावर उभ्या होतात आणि मी दोर सोडायला वळलो.

मी सगळ्या खलाश्यांना घेऊन गेलो होतो. गळकाठीनं कुपा उचलून डोक्यावरून मागे फेकणारे गडी. रांगेत एकमेकांना ढोसत होते. 'माझं रक्त जपून वापरा, पोरगी उद्या तांडेलपण मागेल.' पहिला मीच बसलो. माझा गट ओ निघाला. मी दंड पुढे करून बसलो तर ती बाई म्हणाली, 'तुमचं घेता येणार नाही. तुमच्यात हे अर्धं आहे, आणि रक्तही कमीच आहे.' मी म्हटलं, बाई, हा दंड बघा. ती म्हणाली, 'दंड चांगला आहे.' सगळी रांग खो खो हसली. मग एकेक जण सुई टोचून घेऊ लागला आणि एकेकाला ती तेच सांगू लागली. हसणं थांबलं. आपलं गाव असं आहे, कोक्को. चुलत, मावस, आते, सगळी तिथल्या तिथेच लग्नं. आपलं अर्धं गाव ते अर्धं रक्त घेऊन फिरतंय आणि लेकरं पुरताना ताप म्हणतंय.

ओ गटाचे, आणि रक्त साफ असलेले, तिघेच निघाले. त्यात झाहिद. त्यानं तिथेच दिलं. एप्रिल आणि मे इतर दोघांनी वाटून घेतले, जून पुन्हा झाहिदचा.

झाहिदचा धाकटा भाऊ हमदून. त्याच्यातही हे अर्धं निघालं. त्याचं लग्न इद्रीस सुताराच्या रझियाशी ठरलेलं, तुला आठवते का ती, सकीनाच्या मावशीची नात. परतीच्या वाटेवर हमदून माझ्याजवळ सुकाणूपाशी येऊन बसला. म्हणाला, 'तांडेल, तिलाही तपासायला लागेल?' मी म्हटलं, हो. म्हणाला, 'तपासायला नेलं तर तिचा बाप लग्नच मोडेल. लग्न होऊ दे. मग मी तिला हळूच सांगेन. तोवर तुम्ही गप्प राहा.' समोर झाहिद उभा होता. तो माझ्याकडे बघत होता. त्याच्या दंडावर अजून तो कापूस चिकटवलेला होता.

गावात आल्यावर मी बरेच दिवस गप्प राहिलो. तुला ती अडचण कळेल. मी तुझ्यावर रागावलो होतो, अजूनही आहे, पण रोज सकाळी झाहिद धोणीवर चढला की मला बरं वाटायचं, आणि रझिया पाणी भरायला जाताना दिसली की तिच्याकडे बघवायचं नाही.

जुम्याच्या नमाजनंतर इद्रीसला गाठलं. म्हटलं, हमदूनमध्ये हे अर्धं आहे, मुलीचं रक्त तपासून घे, साफ असेल तर काही अडचण नाही, लग्न कर, मी स्वतः मंडप बांधतो. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं नाही. 'तुझ्या घरातली बला माझ्या दारात आणू नकोस,' म्हणाला. 'मुलीला सुया टोचायला मालेला नेऊ आणि गावाला काय सांगू?' संध्याकाळच्या आत लग्न मोडलं. तपासणी झालीच नाही. कदाचित रझियात काही नसेलही. ते आता कोणाला कधी कळणार नाही.

झाहिद घरी आला. आत आला नाही. अंगणातूनच म्हणाला, 'तुझ्या पोरीला पिशवीभर रक्त दिलं, तांडेल. हे दिलंस तू मला?' मग म्हणाला, 'माझी काठी तुझ्या धोणीवर आहे, ती कोणाला तरी देऊन टाक.' आणि गेला.

आज पहाटे धोणी काढली. मागच्या फळीवर त्याची जागा होती, तिथे कोणी उभं राहिलं नाही. कुपा लागला, पण त्या बाजूनं निसटला.

मे महिना भागेल. जूनसाठी कोणी नाही. पुन्हा त्या मशिदीच्या दारात उभी राहा, कोक्को.

उमर